दोरीने उंदीर अडत नाहीत

'रोगजंतू गरीब-श्रीमंत, काळा-गोरा असा भेद करत नाहीत', हे वाक्य आपण वर्गात अनेकदा सांगतो. जंतूंपुरते ते खरे आहे. समोरचा माणूस कोणत्या वंशाचा, त्याच्या खिशात पैसे किती, हे जंतूला कळण्याचे काहीच साधन नाही. पण साथ ओसरल्यावर मृतांची मोजदाद केली की निराळेच चित्र दिसते. एखाद्या वस्तीत घरोघरी सुतक असते आणि चार किलोमीटरवरच्या दुसऱ्या वस्तीला साथ फक्त वर्तमानपत्रातून ठाऊक असते. जंतू भेद करत नसेल, तर हा भेद येतो कुठून? आणि तो कमी करणे सरकारच्या हातात असते का?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी आपण एकाच शहराचा इतिहास पाहणार आहोत. हे शहर म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, कॅलिफोर्निया राज्यातले सॅन फ्रान्सिस्को. १९०० साली येथे प्लेग आला आणि २०२० साली कोव्हिड. दोन्ही वेळा सरकारने नकाशावर रेघा ओढल्या. पहिली रेघ माणसांचा वंश पाहून ओढली होती आणि ती माणसांना आत कोंडण्यासाठी होती. दुसरी रेघ माणसे कोणत्या परिस्थितीत राहतात हे पाहून ओढली आणि ती मदत आत पोचवण्यासाठी होती. पहिल्या रेघेपासून दुसरीपर्यंत पोचायला १२० वर्षे लागली. या वाटचालीत आपल्या मुंबईचाही मोठा वाटा आहे.

भायखळ्याची लस

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगची तिसरी जागतिक साथ चीनमधून निघून बंदरोबंदर पसरू लागली. १८९४ साली ती हाँगकाँगला पोचली. तेथेच अलेक्झांडर येर्सिन यांनी प्लेगचा जीवाणू ओळखला. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रुग्ण आढळले. त्यानंतर सरकारने वाल्देमार हाफकिन यांना मुंबईला पाचारण केले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले. जीवाणू मांसरसात वाढवायचे, उष्णतेने मारायचे आणि ते मेलेले जीवाणू टोचायचे, अशी त्यांची लस होती. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली.

या लसीच्या दोन गोष्टी ध्यानात ठेवू या, कारण पुढे त्या उपयोगी पडणार आहेत. एक म्हणजे ती टोचल्यावर चांगलाच ताप येई आणि दंड सुजे. दुसरी म्हणजे ती प्रतिबंधक होती, साथीच्या जागी जाण्याआधी घ्यायची. ज्याला आधीच लागण झाली असण्याचा संभव आहे, त्याला ती टोचणे धोक्याचे समजत.

मुंबई-पुण्यात त्या काळी काय घडले ते आपण इतिहासाच्या पुस्तकात शिकवतोच. १८९७ चा साथरोग कायदा, घरझडत्या, सक्तीने छावणीत नेणे आणि त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी पुण्यात रँडवर झाडल्या गेलेल्या गोळ्या. सरकारवरचा विश्वास उडाला की लोक रुग्ण लपवतात आणि लपवलेल्या रुग्णांबरोबर साथही लपून वाढते. हा धडा येथे मोठी किंमत देऊन मिळाला होता. मुंबईची लस समुद्रापार गेली, पण हा धडा गेला नाही.

डिसेंबर १८९९ मध्ये प्लेग हवाई बेटांवरच्या होनोलुलू शहरात पोचला. आरोग्य अधिकाऱ्यांनी चिनी वस्तीतली संशयित घरे जाळायला सुरुवात केली. २० जानेवारी १९०० रोजी वारा फिरला, आग हाताबाहेर गेली आणि बहुतेक सगळी वस्ती जळून खाक झाली. एका दिवसात चार हजारांहून अधिक लोक बेघर झाले. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी लोकांना ही बातमी कळली होती. पुढे ते आरोग्य खात्याला इतके का घाबरले, हे समजण्यासाठी एवढी एक गोष्ट पुरे आहे.

दोरीच्या आतली माणसे

कॅलिफोर्नियात चिनी माणसे आली ती १८४९ च्या सुमारास, सोन्याच्या खाणी सापडल्यावर. १८६० च्या दशकात डोंगर फोडून रेल्वे घालण्याचे काम मुख्यतः त्यांनीच केले. काम संपले आणि मंदी आली, तेव्हा तीच माणसे गोऱ्या कामगारांच्या डोळ्यांत सलू लागली. १८८२ साली अमेरिकेने कायदाच करून चिनी मजुरांना देशात यायला बंदी घातली. जे आधीच आलेले होते त्यांना शहरात इतरत्र सहसा कोणी घर देत नसे. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोत रस्त्यांनी आखलेल्या बाराएक चौकोनांत, चायनाटाउन नावाच्या वस्तीत, दहा हजारांहून अधिक माणसे दाटीवाटीने राहत होती. तळघरांतही बिऱ्हाडे होती. घरांचे मालक बहुतांशी गोरे होते आणि दुरुस्तीवर खर्च करण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. आता उलटा तर्क सुरू झाला. हे लोक घाणीत राहतात, म्हणून रोग त्यांच्या अंगातच आहे! प्लेग हा भात खाणाऱ्या पौर्वात्यांचा रोग आहे, असा समज तर डॉक्टरांतही होता.

६ मार्च १९०० रोजी चायनाटाउनमधल्या ग्लोब हॉटेल नावाच्या इमारतीच्या तळघरात एका चिनी कामगाराचा मृतदेह सापडला. त्याच्या जांघेत गाठ होती. गाठीतला द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तेव्हा प्लेगचा संशय आला. पण नुसते पाहून खात्री होत नाही. तो द्रव प्राण्यांना टोचून ते आजारी पडतात का आणि त्यांच्या शरीरात तेच जीवाणू सापडतात का, हे पाहावे लागते. ते काम जवळच्या एंजल बेटावरचे सरकारी जीवाणुतज्ज्ञ जोसेफ किन्यून यांच्याकडे गेले. उंदीर, गिनीपिग आणि एक माकड यांना त्यांनी तो द्रव टोचला.

निकालाची वाट न पाहता ७ मार्चच्या पहाटे पोलिसांनी चायनाटाउनभोवती दोर बांधला. आत असलेल्या गोऱ्यांना बाहेर जाऊ दिले आणि चिनी माणसांना आत अडकवले. सकाळी कामावर निघालेले स्वयंपाकी, धोबी आणि नोकर दोराशी येऊन थांबले. ओरड झाल्यावर दोन-तीन दिवसांत दोर काढला. त्यानंतर थोड्याच दिवसांत किन्यून यांचे प्राणी मेले. शहरात प्लेग आला होता हे आता निश्चित झाले.

येथे विज्ञानाचा निकाल लागला, पण तो ऐकायला कोणी तयार नव्हते. प्लेगची बातमी पसरली तर कॅलिफोर्नियाची फळे कोण घेणार, बंदरात जहाजे कशी येणार, या धास्तीने व्यापारी आणि अनेक वृत्तपत्रे किन्यून यांची टिंगल करू लागली. राज्यपाल हेन्री गेज तर प्लेग नाहीच म्हणून ठाम राहिले. दुसरीकडे, प्लेग आहे हे मान्य करणाऱ्या आरोग्य अधिकाऱ्यांना तो फक्त चिनी शरीरातच दिसत होता. एक पक्ष रोग नाकारत होता आणि दुसरा पक्ष रोगाऐवजी माणसे अडवत होता. चायनाटाउन या दोघांच्या मधोमध सापडले. रुग्ण लपवले जाऊ लागले, प्रेते रातोरात हलवली जाऊ लागली.

न्यायालयाने विचारलेले प्रश्न

मे १९०० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने हाफकिनची लस चायनाटाउनमध्ये टोचायला घेतली. लोकांनी दारे लावून घेतली. मग आदेश निघाला की लस टोचल्याचा दाखला नसेल तर कोणाही चिनी अथवा जपानी माणसाला शहर सोडता येणार नाही. गोऱ्यांना असा दाखला लागत नव्हता. वाँग वाय या चिनी व्यापाऱ्याने या आदेशाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. न्यायाधीश होते विल्यम मॉरो.

२८ मे १९०० रोजी मॉरो यांनी निकाल दिला. त्यांनी जे मुद्दे काढले ते एखाद्या चांगल्या विज्ञानशिक्षकाने काढावेत असे आहेत. प्लेग शहरात असेल, तर त्याचा धोका शहरातल्या सर्वांना आहे. मग अट फक्त आशियाई माणसांना का? त्यांच्या शरीरात प्लेगला बळी पडण्याची काही विशेष प्रवृत्ती आहे, याचा पुरावा कुठे आहे? पुरावा कोणीच दिला नव्हता. दुसरा मुद्दा लसीचा होता. ही लस साथीच्या जागी जाण्यापूर्वी घ्यायची आहे, असे खात्याच्याच सूचना सांगतात. मग साथीच्या जागेतून बाहेर पडणाऱ्याला ती टोचण्यात काय हशील? आदेश रद्द झाला.

दुसऱ्याच दिवशी, २९ मे रोजी, शहराने चायनाटाउनची नव्याने नाकेबंदी केली. या वेळी दोराऐवजी काटेरी तार आणि लाकडी कुंपण आले. कुंपण कसे घातले होते ते पाहण्यासारखे आहे. रस्त्याने सरळ जाणारी सीमा गोऱ्या मालकाचे दुकान आले की वळसा घेऊन त्याला बाहेर ठेवी आणि पुन्हा आत वळे. आतल्यांचा रोजगार बुडाला, धान्याचे भाव चढले. स्टॉक्टन रस्त्यावरचा जू हो नावाचा किराणा दुकानदार न्यायालयात गेला. १५ जून १९०० रोजी मॉरो यांनी ही नाकेबंदीही उठवली.

या दुसऱ्या निकालातला युक्तिवाद आणखी महत्त्वाचा आहे. साथीत नाकेबंदी करण्याचा सरकारचा अधिकार मॉरो यांनी नाकारला नाही. ज्या घरात रुग्ण आहे ते घर वेगळे करा, असे त्यांनी म्हटले. पण दहा हजार निरोगी आणि आजारी माणसे एकत्र कोंडून ठेवली, तर रोग थांबेल की वाढेल? शिवाय, एकाच रस्त्यावर शेजारी असलेल्या दोन दुकानांपैकी चिनी दुकान आत आणि गोरे दुकान बाहेर, हे आरोग्याचे नव्हे, वंशाचे गणित आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेत १८६८ साली झालेल्या चौदाव्या दुरुस्तीने सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले होते. हे गणित त्या दुरुस्तीत बसत नव्हते. याच शहरातल्या चिनी धोब्यांच्या खटल्यात १८८६ साली सर्वोच्च न्यायालयाने एक तत्त्व मांडले होते. कायदा कागदावर सर्वांना सारखा असला, तरी त्याची अंमलबजावणी भेदभावाने होत असेल तर तो टिकत नाही. मॉरो यांनी त्याचाच आधार घेतला.

मॉरो डॉक्टर नव्हते. प्लेग नेमका कसा पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट ठाऊक नव्हते. तरीही 'पुरावा दाखवा' आणि 'तुमचा उपाय तुमच्याच उद्दिष्टाशी जुळतो का ते सांगा', या दोन साध्या मागण्यांनी त्यांनी योग्य निष्कर्ष गाठला.

मात्र न्यायालयाने अन्याय थांबवला, आजार नव्हे. तळघरे तशीच राहिली, दाटी तशीच राहिली. जानेवारी १९०१ मध्ये तीन नामवंत शास्त्रज्ञांच्या केंद्रीय समितीने प्लेग असल्याचे निर्विवाद सिद्ध केले, तरी त्यांचा अहवाल दाबून ठेवण्याचा प्रयत्न झाला. किन्यून यांची बदली झाली. १९०३ मध्ये जॉर्ज पार्डी हे डॉक्टर राज्यपाल झाल्यावर कुठे साफसफाईला वेग आला. १९०४ च्या सुरुवातीला साथ थांबली, तोवर सुमारे १२० रुग्णांची नोंद झाली होती. त्यांतले बहुतेक सर्व चिनी होते आणि दहांतले नऊ मेले होते.

उंदरांचा माग

दोर बांधणाऱ्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. प्लेग माणसांबरोबर नव्हे, उंदरांबरोबर चालत होता आणि उंदीर दोराखालून बिनदिक्कत ये-जा करत होते.

१८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले होते की उंदराच्या अंगावरची पिसू प्लेगचा जीवाणू एका प्राण्यातून दुसऱ्यात नेते. पण त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेवला नाही. खात्री पटली ती मुंबईत. परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे पुढे १९२५ साली जिचे नाव हाफकिन इन्स्टिट्यूट झाले तेथे, ग्लेन लिस्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधे पण निर्णायक प्रयोग केले. प्लेगच्या पिसवा असलेल्या खोलीत काही गिनीपिग जमिनीलगतच्या पिंजऱ्यात ठेवले आणि काही पिंजरे दोनएक फूट उंचीवर टांगले. पिसू तेवढी उंच उडू शकत नाही. जमिनीलगतचे गिनीपिग प्लेगने मेले आणि वर टांगलेले वाचले. खोली एकच, हवाही एकच. फरक फक्त पिसवांच्या उडीचा होता. १९०६ पासून हे निष्कर्ष प्रसिद्ध होऊ लागले आणि जगभर वाचले गेले.

त्याच वर्षी, १८ एप्रिल १९०६ रोजी, सॅन फ्रान्सिस्को भूकंपाने आणि त्यामागून लागलेल्या आगीने उद्ध्वस्त झाले. पडक्या घरांत आणि तंबूंच्या वस्त्यांत उंदीर माजले आणि १९०७ च्या मे महिन्यात प्लेग परत आला. या वेळी रुग्ण बहुतेक गोरे होते. विटा आणि सिमेंट वापरून नव्याने बांधलेले चायनाटाउन जवळजवळ मोकळे राहिले. 'चिनी रोग' हा सिद्धान्त तेथेच कोसळला.

मोहिमेचे प्रमुख होते केंद्रीय आरोग्य सेवेतले डॉ. रुपर्ट ब्लू. त्यांनी कुठल्याही वस्तीभोवती दोर बांधला नाही. उंदरांना पकडण्यासाठी बक्षिसे लावली. कुठला उंदीर कुठल्या पत्त्यावर सापडला याची चिठ्ठी लावून त्याचे प्रयोगशाळेत विच्छेदन केले. ज्या घराचा उंदीर प्लेगचा निघे तेथेच पथक जाई. तबेल्यांना आणि तळघरांना सिमेंटची जमीन केली, कचऱ्याच्या डब्यांना झाकणे सक्तीची केली. हे नियम साऱ्या शहराला सारखे होते. सुमारे १६० रुग्ण झाले आणि साथ १९०८ साली आटोक्यात आली. मृत्यूचे प्रमाण या वेळी निम्म्याच्या आसपास होते. पहिल्या साथीत ते दहांत नऊ होते. जीवाणू तोच, औषध तेव्हाही नव्हते. मग फरक का? एक मोठे कारण असे, की पहिल्या साथीत अनेक रुग्णांचा पत्ता ते मेल्यावरच लागे. दुसऱ्या साथीत डॉक्टरला बोलावण्याची भीती नव्हती, त्यामुळे बरे होणारे रुग्णही नोंदीत आले.

सरासरीत लपलेली माणसे

आता ११२ वर्षे पुढे येऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कोव्हिड पसरायच्या आधीच चायनाटाउनची हॉटेले ओस पडली. जुना समज मेला नव्हता. प्रत्यक्षात पहिल्या लाटेत चायनाटाउनमध्ये रुग्ण कमीच निघाले. तेथील लोकांनी खबरदारी लवकर घेतली होती आणि १९२५ पासून त्या वस्तीचे स्वतःचे रुग्णालय होते.

रोगाचा भार दुसरीकडे पडत होता. मार्चच्या मध्यात शहराने घरी राहण्याचा हुकूम काढला. एप्रिलच्या अखेरीस तेथील विद्यापीठाने आणि लॅटिनो समाजाच्या कार्यकर्त्यांनी मिळून मिशन या भागातल्या एका जनगणना-विभागात सरसकट तपासणी केली. लॅटिनो म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांतून आलेली कुटुंबे. तपासलेल्यांत त्यांचे प्रमाण ४४ टक्के होते, पण बाधितांत ९५ टक्के. बाधितांपैकी ९० टक्के लोकांना घरी बसून काम करणे शक्य नव्हते. कोणी स्वयंपाकी होते, कोणी सफाई कामगार, कोणी बांधकामावर. निम्म्याहून अधिक बाधितांना काहीच लक्षणे नव्हती.

येथे १९०० सालच्या उलट चूक होण्याचा धोका होता. तेव्हा म्हणत, वंश हेच कारण. आता म्हटले जात होते, विषाणू भेद करत नाही, म्हणून सर्वांना एकच नियम पुरे. पण 'घरी बसा' हा एकच नियम पगारी माणसाला आणि रोजंदारीच्या माणसाला सारखा लागू होत नाही. देशभराचे आकडे पाहा. २०१९ ते २०२० या एका वर्षात अमेरिकेतल्या गोऱ्यांचे सरासरी आयुर्मान सुमारे दीड वर्षाने घटले, कृष्णवर्णीयांचे तीन वर्षांहून अधिक आणि लॅटिनोंचे सुमारे चार वर्षांनी. यात शरीराचा दोष नव्हता. कामाचे स्वरूप, घरातली गर्दी आणि डॉक्टरपर्यंतचे अंतर यांचा हा हिशेब होता. आणि ही परिस्थिती कोणाच्या वाट्याला यावी, हे वंशभेदाच्या जुन्या इतिहासाने आधीच ठरवून ठेवले होते.

रोजंदारीच्या माणसाला लागण झाली आणि त्याने ती सांगितली, तर दोन आठवडे चूल पेटणार कशी? केंद्र सरकारने १,२०० डॉलरचे धनादेश दिले, पण ते अधिकृत ओळखक्रमांक नसलेल्या स्थलांतरितांना मिळत नव्हते. कॅलिफोर्नियाने देणग्यांची जोड घेऊन अशा प्रौढांना प्रत्येकी ५०० डॉलर दिले. सॅन फ्रान्सिस्कोने जुलै २०२० मध्ये 'बरे होण्याचा हक्क' अशा नावाची योजना आणली. तपासणीत बाधित निघालेल्या आणि पगारी रजा नसलेल्या माणसाला १,२८५ डॉलर, म्हणजे दोन आठवड्यांचे किमान वेतन देण्यात आले. त्याच्या नागरिकत्वाची चौकशी केली जात नसे. १९०० साली माणसे कुंपणाच्या भीतीने आजार लपवत होती. २०२० साली ती उपासमारीच्या भीतीने लपवण्याचा संभव होता. ही भीती कमी करणारा प्रत्येक डॉलर साथनियंत्रणावरच खर्च झाला, असे आम्हांला वाटते.

मदतीची रेघ

ऑक्टोबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने एक नवा नियम केला. निर्बंध सैल करायचे असतील तर मोठ्या जिल्ह्यांनी केवळ जिल्ह्याची सरासरी दाखवून चालणार नव्हते. सर्वांत खालच्या स्थितीतल्या एक चतुर्थांश वस्त्यांतही बाधितांचे प्रमाण उतरलेले असले पाहिजे, अशी अट आली. शिक्षकांना हे लगेच पटेल. चार वस्त्यांत तपासणीत बाधित निघणाऱ्यांचे प्रमाण २, २, २ आणि १४ टक्के असेल, तर सरासरी ५ येते. ५ हा आकडा बरा दिसतो. पण ५ टक्के कोणत्याच वस्तीत नाही, आणि चौथी वस्ती त्या आकड्यात गडप झाली आहे. वर्गाचा सरासरी निकाल चांगला लागला म्हणून मागच्या बाकावरची मुले वाचायला शिकली असे होत नाही, तसेच हे.

खालच्या वस्त्या कोणत्या, हे कसे ठरवले? त्यासाठी एक निर्देशांक आधीपासून तयार होता. प्रत्येक भागातले उत्पन्न, रोजगार, शिक्षण, घरातली गर्दी, वाहनाची सोय, हवेची शुद्धता, झाडांची सावली, आरोग्यविमा अशा सुमारे २५ बाबी त्यात मोजल्या जातात. वंश ही बाब मात्र त्यात नाही. १९९६ पासून कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत सरकारी नोकऱ्या, शिक्षण आणि कंत्राटे यांत वंश पाहून झुकते माप द्यायला मनाई आहे. शासनाला वापरता यावा म्हणून निर्देशांकाने परिस्थितीच मोजली. परिस्थिती मोजली की वंशभेदाच्या इतिहासाने जेथे खड्डे पाडले होते ते बरेचसे आपोआप नकाशावर उमटले.

लस आल्यावर याच नकाशाचा खरा उपयोग झाला. सुरुवातीला लस वयाप्रमाणे आणि इंटरनेटवर नाव नोंदवून मिळत होती. नियम सर्वांना सारखा होता, पण ज्याच्याकडे संगणक, मोटार आणि फुरसत आहे तो पुढे जात होता. सर्वांत सुस्थितीतल्या वस्त्यांत लसीकरणाचा वेग सर्वांत गरीब वस्त्यांच्या जवळजवळ दुप्पट झाला. कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांसाठी दिलेले नोंदणीचे खास संकेतांकही सुखवस्तू लोकांत फिरू लागले. मार्च २०२१ मध्ये राज्याने जाहीर केले की एकूण लसमात्रांपैकी ४० टक्के मात्रा तळाच्या एक चतुर्थांश वस्त्यांसाठी राखून ठेवल्या जातील. ४० हा आकडा हवेतून काढलेला नव्हता. राज्यातल्या सुमारे ४० टक्के लागणी आणि मृत्यू याच वस्त्यांत झाले होते. दर डोई सारखे वाटप केले असते तर त्यांना २५ टक्के मिळाले असते. राज्याने डोकी मोजण्याऐवजी रोगाचा भार मोजला. समान वाटप आणि न्याय्य वाटप यांतला फरक मुलांना समजावून द्यायला याहून सोपे उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

याने दरी बुजली का? नाही, अरुंद झाली. आणि अनेक योजना साथीबरोबरच संपल्या. २०२१ साली केंद्र सरकारने मुलांमागे मिळणारी करसवलत वाढवून वर्षाला ३,००० ते ३,६०० डॉलर केली आणि ती अगदी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांनाही पूर्ण दिली. तोपर्यंत, कमाई पुरेशी नाही या कारणाने, देशातल्या जवळजवळ निम्म्या कृष्णवर्णीय मुलांच्या घरी पूर्ण रक्कम पोचत नव्हती. त्या नियमात वंशाचा शब्दही नव्हता, तरी परिणाम वंशभेदाचा होता. सरकारी मदत जमेस धरून मोजलेले बालदारिद्र्य २०२० साली ९.७ टक्के होते, ते २०२१ साली ५.२ टक्क्यांवर आले. वाढीव सवलत वर्षाअखेर बंद झाली आणि साथीच्या इतर मदतीही आटल्या. २०२२ साली आकडा १२.४ टक्के झाला. दारिद्र्य धोरणाने किती झपाट्याने कमी होते आणि धोरण मागे घेतल्यावर किती झपाट्याने परतते, हे तीन वर्षांच्या तीन आकड्यांत दिसते.

तेव्हा वर्गातले ते वाक्य टाकून द्यायचे कारण नाही, पण ते पुरे करायला हवे. जंतू भेद करत नाहीत. भेद घरे करतात, कामाचे स्वरूप करते, रजेचे नियम करतात आणि जुने अन्याय करतात. हे सारे माणसांनी केलेले आहे, म्हणून माणसांना बदलता येते.

वर्गात करून पाहण्यासारखे: आपल्या गावाचा किंवा प्रभागाचा नकाशा फळ्यावर काढावा. कोणत्या भागात एका खोलीत किती माणसे राहतात, नळ किती लांब आहे, दवाखान्यापर्यंत जायला किती वेळ लागतो आणि आजारी पडल्यास किती जणांची मजुरी बुडते, याचा अंदाज मुलांनी गटागटाने घ्यावा. कोणत्याही घराचे किंवा जातीचे नाव नकाशावर लिहू नये. मग विचारावे, उद्या साथ आली आणि लसीच्या शंभर मात्रा तुमच्या हाती आल्या, तर त्या तुम्ही कशा वाटाल? उत्तरे वेगवेगळी येतील. प्रत्येक उत्तराला मॉरो यांचेच दोन प्रश्न विचारावेत. पुरावा काय? आणि तुमचा उपाय तुमच्या उद्दिष्टाशी जुळतो का?